जखमी कबुतर घरी आणलंय? आधी ऊब, मग पाणी, दाणे सगळ्यात शेवटी

जखमी कबुतर हातात आलं की बहुतेक जण पहिल्या पाच मिनिटांत एकच गोष्ट करतात. चोच उघडून पाणी पाजतात. मीही तेच केलं होतं. मला सापडलेल्या पहिल्या कबुतराला ड्रॉपरनं पाणी दिलं, त्याला दोन-तीनदा ठसका लागल्यासारखं झालं आणि मला वाटलं, किती तहानलंय बिचारं. रात्रीतच ते गेलं. नंतर पशुवैद्यांनी समजावून सांगितलं की कबुतराच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडतं. वरून ओतलेलं पाणी थेट तिथे उतरतं आणि फुप्फुसात जातं. त्यानंतर घरी आलेल्या प्रत्येक कबुतराच्या बाबतीत मी एकच क्रम पाळला: आधी ऊब आणि अंधार, मग पाणी, आणि खाणं सगळ्यात शेवटी. हा लेख त्याच क्रमानं लिहिलाय, कारण पहिल्या दोन तासांत जीव वाचतो तो बहुधा या क्रमामुळेच.

उचलताना

धडधाकट कबुतर हाताला लागत नाही. तुम्ही जवळ गेलात आणि ते उडालं नाही, पिसं फुगवून एका कोपऱ्यात बसून राहिलं, तर त्याला काहीतरी झालंय असंच समजा. याला अपवाद एकच, तो म्हणजे नुकतं घरट्याबाहेर पडलेलं पिल्लू. त्याच्या पिसांमधून पिवळे केसासारखे तंतू डोकावतात, चोच चेहऱ्याच्या मानानं लांब दिसते आणि ते घुमत नाही, चिरक्या आवाजात ओरडतं. अशा पिल्लाला जखम नसेल, अंग गरम असेल आणि आई-बाप आसपास असतील, तर त्याला तिथेच पण मांजर-कुत्र्याच्या आवाक्याबाहेर ठेवावं. माणसाचा वास लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज खोटा आहे.

उचलायचं ते टॉवेल टाकून. डोळ्यांवर अंधार आला की पक्षी निवळतो. पंख अंगालगत मिटलेले राहतील अशा बेतानं दोन्ही हातांत धरा, पाय खालच्या हाताच्या पहिल्या दोन बोटांमध्ये येऊ द्या आणि छाती तळव्यावर टेकू द्या. दाबायचं अजिबात नाही. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत जाते. मूठ घट्ट आवळली तर रक्त न सांडताही कबुतर गुदमरून मरतं.

हातमोजे मिळाले तर घाला, नसतील तर नंतर साबणानं हात चांगले धुवा. पिसांमधून एखादी चपटी, तुरुतुरु पळणारी माशी तुमच्या बाहीवर आली तर दचकू नका. ती कबुतराच्या अंगावर राहते, माणसाच्या अंगावर तिचा संसार चालत नाही.

खोका, अंधार, ऊब

पिंजरा शोधत बसू नका. पुठ्ठ्याचा झाकणाचा खोका पहिल्या दिवसासाठी पिंजऱ्यापेक्षा चांगला. बाजूंना वरच्या अंगाला आठ-दहा भोकं पाडा, तळाला जुना टॉवेल घाला. नुसता गुळगुळीत कागद नको, पाय घसरतात. टॉवेलाची गोल गुंडाळी करून मध्ये खळगा केला तर तोल जाणारं कबुतर त्यात टेकून बसतं.

कबुतराच्या अंगाचं तापमान 41 ते 42 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, आपल्यापेक्षा बरंच जास्त. म्हणून आपल्या हाताला ते ऊनच लागायला हवं. पाय आणि चोचीच्या आतला भाग गार लागला तर ते धक्क्यात आहे. अशा वेळी गरम पाण्याची बाटली किंवा पिशवी कापडात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा. एकाच बाजूला ठेवायची, म्हणजे उकडलं तर त्याला दुसरीकडे सरकता येईल. बाटली तासा-दोन तासांनी बदलावी लागते, कारण गार झालेली बाटली उलट अंगातली ऊब ओढून घेते.

दोन वेळा ही ऊब द्यायची नाही. कबुतर चोच उघडी टाकून धापा टाकत असेल आणि अंग तापलेलं असेल तर. आणि काचेवर आपटून डोक्याला मार लागला असेल तर. तेव्हा साधारण खोलीचं तापमान, अंधार आणि शांतता पुरे.

आता खोका बंद करा आणि अर्धा-पाऊण तास तिकडे जाऊ नका. हे सगळ्यात अवघड जातं हे मला माहीत आहे. मन सारखं झाकण उचलून बघायला सांगतं. पण कबुतर हे शिकार होणारं पाखरू आहे. आपण त्याच्या पाठीवरून हात फिरवतो तेव्हा ते गप्प बसतं, ते सुखावलं म्हणून नाही. पकडलं गेल्यावर निपचित राहणं हा त्याचा शेवटचा उपाय असतो. छातीवर बोट ठेवून पाहिलंत तर धडधड मोजताही येत नाही इतकी जलद चालू असते.

तपासणी, आणि कशासाठी थांबायचं नाही

ऊब आल्यावर, भर उजेडात, पाच मिनिटांत तपासणी उरका. आधी न धरता नुसतं बघा. दोन्ही पंख सारखे मिटलेत की एक लोंबतोय? दोन्ही पायांवर भार देतंय का? दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या आहेत का? श्वासाबरोबर शेपूट वर-खाली होतेय का? तशी होत असेल तर श्वासाला त्रास आहे.

मग हातात घेऊन छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असेल तर अपघात ताजा आहे. हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलेलं असेल तर ते कित्येक दिवस उपाशी आहे, आणि जखम हे दुखण्याचं मूळ नसून आधीच्या आजाराचा परिणाम असू शकतो. गळ्याखालची अन्नाची पिशवी, जिला क्रॉप म्हणतात, ती हलकेच चाचपा. दाणे हाताला लागतात. चोच किंचित उघडून आत बघा. निरोगी तोंड गुलाबी आणि ओलसर असतं. आत पिवळट, खरवसासारखे गोळे दिसले तर तो बहुधा ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीचा आजार असतो. त्याला डॉक्टरांचं औषध लागतं. ते गोळे खरवडून काढू नका, खाली रक्त येतं.

शेवटी पिसं फुंकर मारून बाजूला करत सगळ्या अंगाची कातडी बघा. पिसांखाली भोक लपतं, आणि मांजराच्या दातांचं भोक तर टाचणीच्या टोकाएवढं असतं.

मांजराचं नाव निघालं म्हणून सांगते. मांजरानं धरलेलं कबुतर वरून कितीही ठीक दिसो, त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. मांजराच्या तोंडातले जंतू रक्तात भिनतात आणि दोन-तीन दिवसांत पक्षी दगावतो. प्रतिजैविक वेळेवर सुरू झालं तरच ते वाचतं. बाहेर आलेलं हाड, दहा मिनिटं दाबूनही न थांबणारं रक्त, उघड्या चोचीनं श्वास, कातडीखाली फुग्यासारखी हवा भरणं, यांपैकी काहीही दिसलं तरी घरी प्रयोग करत बसू नका. आणखी एक जखम आहे जी फार थोड्यांच्या लक्षात येते. शिकारी पक्ष्याच्या नखांनी क्रॉप फाटतो. वरून फक्त छातीवरची पिसं ओली दिसतात, आणि कबुतर पाणी प्यालं की तेच पाणी छातीवरून टपटप गळतं. कधी एखादा दाणाही बाहेर येतो. दिसायला भीषण, पण वेळेत टाके पडले तर यातून कबुतरं छान बरी होतात.

फोन करताना ‘तुम्ही पक्षी बघता का?’ हे आधी विचारा. सगळेच पशुवैद्य बघत नाहीत.

जखम धुणं

रक्त येत असेल तर स्वच्छ गॉजनं पाच मिनिटं सलग दाबून धरा, मधे उचलून बघू नका. साधारण 300 ग्रॅमच्या पक्ष्यात रक्त असतंच जेमतेम दोन मोठे चमचे, त्यामुळे आपल्याला किरकोळ वाटणारा रक्तस्रावही त्याला जड जातो. तुटलेल्या नखातून रक्त येत असेल तर कॉर्नफ्लोअरची चिमूट दाबली की थांबतं. पण ही पूड उघड्या जखमेत भरायची नाही.

जखम धुवायला एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सपाट दीड चमचा मीठ, म्हणजे 9 ग्रॅम, पुरतं. सुईशिवायच्या सिरिंजनं हळू धार सोडून माती, पिसं वाहून जाऊ द्या. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावता येतं. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड लावू नका, त्यानं जिवंत पेशी मरतात. तेलकट मलम, तूप, तेल हेही नको. ते पिसांना चिकटून पसरतं आणि पिसांची ऊब धरून ठेवण्याची ताकद जाते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांचा तुकडासुद्धा देऊ नका. वेदना असतातच, पण औषध आणि मात्रा डॉक्टरच ठरवतील.

पायाला गुंडाळलेला दोरा किंवा केस हे कबुतरांचं रोजचं दुखणं. पाय कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या, म्हणजे चिकटलेली घाण आणि खपली सुटते. मग भिंग आणि टोकदार चिमटा घेऊन बसा. वरचा जाड दोरा काढल्यावर बहुतेकदा खाली केसाएवढा बारीक धागा मांसात रुतलेला सापडतो, आणि बोट मारतो तो हा खालचाच. ओढायचं नाही. धाग्याखाली चिमट्याचं टोक सरकवून एकेक वेढा कापायचा. हे काम दोघांनी करावं, एकानं टॉवेलात धरायचं, दुसऱ्यानं कापायचं, आणि वीस मिनिटांत संपलं नाही तर उरलेलं दुसऱ्या दिवसावर टाकावं. काळं पडून वाळलेलं बोट आपणहून गळून पडतं. बोटं गेलेली कबुतरं व्यवस्थित जगतात.

पाणी

अंगात ऊब आल्याशिवाय पाणी नाही. गार पडलेल्या पक्ष्याचं पोट काम करत नाही. पहिल्या दिवशी एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते द्या.

कबुतराची पाणी प्यायची तऱ्हा बहुतेक पाखरांपेक्षा वेगळी आहे. चिमणी घोट घेते आणि मान वर करून गिळते. कबुतर अख्खी चोच पाण्यात बुडवतं आणि मान न उचलता गुरासारखं ओढून पितं. म्हणून वाटी उथळ ताटलीसारखी नको, किमान दोन-तीन सेंटिमीटर खोल हवी. आपणहून प्यायलं नाही तर डोकं हलकेच खाली नेऊन चोचीचं फक्त टोक पाण्याला टेकवा. चोचीच्या मुळावरच्या पांढऱ्या फुगीर भागापाशी नाकपुड्या असतात, त्या बुडू देऊ नका. दोन-तीन सेकंद काहीच होत नाही. मग गळ्यावरची पिसं लाटेसारखी हलायला लागतात, आणि तो क्षण आला की पुढचं निम्मं काम झालं असं मला वाटतं. दिवसभरात 30 ते 50 मिलिलिटर पाणी पोटात जायला हवं.

शुद्धीवर नसलेल्या, मान टाकलेल्या पक्ष्याला तोंडानं काहीही द्यायचं नाही. त्याला कातडीखाली सलाइन लागतं आणि ते डॉक्टरांचं काम.

खाणं

पाणी पोटात गेलं, विष्ठा पडली, की मगच दाणे. गहू, ज्वारी, बाजरी, भरडलेला मका, वाटाणा, मसूर, करडई असं कच्चं, कोरडं मिश्रण चालतं. मोठ्या कबुतराला दिवसाला 30 ग्रॅमच्या आसपास लागतं. पाव, बिस्किटं, दूध, शिजवलेलं खारट अन्न नको. राजम्यासारखे मोठे कच्चे घेवडेही नकोत, ते विषारी असतात. कबुतराला दात नाहीत, दाणे पोटातल्या खड्यांनी दळले जातात, म्हणून दोन दिवसांनंतर चिमूटभर बारीक खडीही ठेवा.

नव्या जागेत बरीच कबुतरं पहिल्या दिवशी दाण्याला तोंड लावत नाहीत. काही दाणे टॉवेलावर विखरून ठेवा, भांड्यापेक्षा जमिनीवरचं टिपायची त्यांना सवय असते. दुसऱ्या दिवशीही खाल्लं नाही तर भरवावं लागतं, आणि त्याला गोठवलेल्या हिरव्या वाटाण्यासारखी सोयीची गोष्ट नाही. वाटाणे कोमट पाण्यात ठेवून मऊ आणि ऊबदार करा. कबुतर टॉवेलात गुंडाळून मांडीवर, आपल्याकडे पाठ करून घ्या. डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीनं वरची चोच बाजूंनी धरा, उजव्या हाताच्या नखानं खालची चोच किंचित उघडा, वाटाणा जिभेच्या मागे ठेवा आणि चोच सोडा. ते गिळतं. पहिले चार-पाच वाटाणे ते झटका देऊन उडवून टाकतं, भिंतीवरही जातात. दहाव्या वाटाण्यापर्यंत दोघांनाही जमायला लागतं. पहिल्या वेळी आठ-दहा पुरेत. पचले तर हळूहळू वाढवत सकाळ-संध्याकाळ तीस-चाळीसपर्यंत न्या. पुढचं भरवण्याआधी क्रॉप चाचपायचा. सकाळी तो रिकामा असायला हवा. रात्रीचं अन्न सकाळीही तिथेच, फुगलेलं, आंबूस वास येणारं असेल तर भरवणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

अगदी लहान, पिसं न फुटलेलं पिल्लू हा वेगळाच विषय आहे. त्याला आई-बाप क्रॉपमधलं दाट दुधासारखं द्रव्य भरवतात, आणि गाईचं दूध म्हणजे ते नव्हे. असं पिल्लू शक्य तितक्या लवकर अनुभवी माणसाकडे पोचवा.

पंख मोडला असेल तर

लोंबणारा पंख दरवेळी मोडलेलाच असतो असं नाही. मुका मार असेल तर चार-पाच दिवसांच्या नुसत्या विश्रांतीनं तो वर येतो. हाड मोडलं असेल तर एक्स-रे हवा, आणि लवकर हवा, कारण पक्ष्यांची हाडं झपाट्यानं जुळतात. दोन-तीन आठवड्यांत सांधा पक्का होतो. वाकडा जुळला तर वाकडाच राहतो. डॉक्टरांपर्यंत पोचेपर्यंत पंख नैसर्गिक घडीत मिटवून, अंगाला लागून, मऊ पट्टीनं सैलसर बांधता येतो. चिकटपट्टी पिसांना लावू नका. पट्टी आणि छातीमध्ये करंगळी सहज जायला हवी, आणि बांधल्यावर श्वास पाच मिनिटं बघत बसायचं. ही तात्पुरती सोय आहे. पंख फार दिवस बांधून ठेवला तर पुढच्या कडेची कातडी आखडते आणि हाड जुळूनही पक्ष्याला उडता येत नाही.

मान फिरलेली कबुतरं

मान पिळवटून डोकं उलटं झालेलं, गोल फिरणारं, दाणा टिपताना दर वेळी बाजूला चोच मारणारं कबुतर पाहून लोक हात टेकतात. मार लागल्यानंही असं होतं, पण बहुतेकदा तो पॅरामिक्सो विषाणूचा आजार असतो. विष्ठा पाण्याच्या थारोळ्यात बारीक अळीसारखी पडते, ही त्याची दुसरी खूण. विषाणूवर थेट औषध नाही, तरी पुष्कळ कबुतरं यातून उठतात. सहा ते बारा आठवडे लागतात. या काळात ती मरतात ती आजारापेक्षा उपासमारीनं, कारण समोर भरलेली वाटी असते पण नेम लागत नाही. खोल भांड्यात भरपूर दाणे द्या, म्हणजे चोच कुठेही पडली तरी दाणा लागेल, आणि कमी पडलं तर वाटाणे भरवा. इतर पक्ष्यांपासून आणि कोंबड्यांपासून त्याला पूर्ण वेगळं ठेवा. अचानक आवाज, उजेड, धरपकड यानं झटके वाढतात.

रोजचं

रोज सकाळी, खाण्याआधी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर छोट्या डब्यात बसवून वजन लिहून ठेवा. डोळ्यांना फसवणारी पिसं काट्याला फसवत नाहीत. चार दिवसांत दहा टक्के वजन उतरलं तर काहीतरी बिनसलंय. तळाला पांढरा कागद घातला की विष्ठाही वाचता येते. घट्ट, तपकिरी-हिरवी, वर पांढरी टोपी असलेली विष्ठा चांगली. गडद हिरवी आणि चिकट म्हणजे पोट रिकामं. रक्ताचा अंश दिसला तर नमुना घेऊन डॉक्टर गाठा.

सुकलेल्या विष्ठेची धूळ श्वासात जाऊ देऊ नका. तिच्यातून सिटॅकोसिससारखे फुप्फुसाचे आजार माणसाला होतात, आणि रोजच्या संपर्कानं काहींना कायमचा श्वासाचा त्रास जडतो. कागद आधी पाण्यानं ओला करा, मग गुंडाळून टाका. मास्क घाला, झाडूनं कोरडं झाडू नका. कबुतर झोपायच्या खोलीत किंवा स्वयंपाकघरात ठेवू नका. घरात दम्याचा रुग्ण, गरोदर बाई, तान्हं मूल किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल तर पहिल्याच दिवशी दुसरी जागा शोधा. यात पक्ष्यावरची माया कमी पडत नाही.

दोन-तीन दिवसांनी मोठा पिंजरा द्या, तळ जाळीचा नको, बसायला एक वीट ठेवा. दिवसा उजेड, रात्री अंधार. जखम सुकली की पसरट भांड्यात अंघोळीचं पाणी. ज्या दिवशी ते पंख फडफडवत अंघोळ करतं आणि मग तासभर पिसं साफ करत बसतं, त्या दिवसापासून मी निर्धास्त होते.

सोडायच्या आधी

बंद खोलीत, खिडक्यांवर पडदे ओढून, पंख्याचं बटण बंद करून त्याला उडू द्या. जमिनीवरून सरळ वर उठतंय का, कपाटाच्या उंचीवर नीट बसतंय का, दोन्ही पंख सारखे मारतंय का, चार-पाच फेऱ्यांनंतर धाप लागतेय का, हे बघा. पायात कडी आणि तिच्यावर आकडे असतील तर ते कुणाचं तरी पाळीव आहे, त्या आकड्यांवरून मालक शोधता येतो. तुटलेली उडायची पिसं पुढच्या पीसझडीपर्यंत नवी येत नाहीत, त्यामुळे काही कबुतरांना महिनोन्‌महिने थांबवावं लागतं. कधीच उडू शकणार नाही असं कबुतर बाहेर सोडणं म्हणजे त्याला मारणंच. त्याला पक्षी सांभाळणारी कायमची जागा हवी. आणि डॉक्टरांनी वेदना थांबत नाहीत म्हणून शांत मरण सुचवलं, तर त्यांचं ऐका.

सोडायचं जिथे सापडलं तिथेच. त्याचा थवा आणि बहुधा त्याचा जोडीदार तिथेच असतो. स्वच्छ हवेची सकाळ निवडा, म्हणजे अंधार पडेपर्यंत त्याला पूर्ण दिवस मिळेल. पोट भरलेलं असू द्या. हवेत उडवू नका, खोका उंचवट्यावर ठेवा, झाकण उघडा आणि दहा पावलं मागे व्हा. काही जण झटक्यात जातात. काही खोक्याच्या काठावर येऊन बसतात, मान तिरकी करून आभाळ बघतात, पिसं झटकतात, पुन्हा बसतात. अर्धा तासही लागतो. दुपारपर्यंत ते तिथेच बसून राहिलं तर उचलून घरी आणा आणि आठवड्यानं पुन्हा न्या.